समाधानाचा ताळेबंद
(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या संस्थेने पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण केली, त्या निमित्ताने योजलेल्या या व्याख्यानमालेत आजवर विद्वान प्राध्यापकांनी, वकिलांनी आणि शासकीय अधिकाऱ्यांनी आपल्याला मार्गदर्शन केले. त्यांच्या पंक्तीस माझ्यासारख्या कापड दुकानदाराला बसविले, याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. वाणिज्य शाखेची पदवी आणि चाळीसहून अधिक वर्षे हातात धरलेला गज, एवढीच माझी शिदोरी. विषय मीच निवडावा अशी मुभा मिळाली होती. ‘प्लास्टिक सर्जनांना आपल्या व्यवसायात समाधान लाभते काय?’ हा विषय मी कळविला, तेव्हा आपल्या कार्यवाहांनी मला दोनदा दूरध्वनी करून खात्री करून घेतली. कापडाच्या व्यापाऱ्याला या विषयाशी काय कर्तव्य, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. त्याचे उत्तर द्यायचे तर घरातलीच गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, प्लास्टिक सर्जन आहे. एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, त्यानंतर एम.एस.ची तीन आणि एम.सीएच.ची तीन, अशी साडेअकरा वर्षे त्याने केवळ शिक्षणात घालविली. एका मोठ्या शहरातील सार्वजनिक रुग्णालयात, जळित रुग्णांच्या कक्षात तो काम करतो. तीन वर्षांपूर्वी दिवाळीत वहीपूजनासाठी सर्व कुटुंब पेढीवर जमले होते. पूजा आटोपल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला व म्हणाला, “काका, एक सल्ला हवा आहे.” सौंदर्यवर्धनाच्या एका नामांकित खाजगी दवाखान्याकडून त्याला बोलावणे आले होते. वेतन सध्याच्या चौपट. रात्रपाळी नाही, पोलिसांचे जबाब नाहीत, रविवारी सुटी.

मी काय केले असेल? पेढीवरच बसलो होतो, कागद ओढला आणि आकडे मांडले. शिक्षणावर झालेला खर्च, त्या वर्षांत न झालेली कमाई, शैक्षणिक कर्जाचे व्याज, वहिनींचे दागिने. दोन मिनिटांत हिशेब झाला. मी त्याला म्हटले, “इतकी वर्षे भांडवल गुंतविले आहेस. आता परतावा घेण्याची वेळ आली. यात विचार कसला करायचा?” तो काही वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. नंतर म्हणाला, “काका, हिशेब बरोबर आहे. पण तुम्ही एकदा माझ्या वॉर्डात या आणि मग सांगा.” मी ‘येतो’ म्हटले. गेलो मात्र आठ महिन्यांनी. त्या आठ महिन्यांत मी या विषयावर हाती लागेल ते वाचले, पुष्कळांना भेटलो. वॉर्डात जाणे टाळण्यासाठीच इतके वाचन केले असावे, असे आता वाटते. आज जे सांगणार आहे, त्यातील बरेचसे त्या काळातले आहे.

आरंभी एक गैरसमज दूर करू. या शस्त्रक्रियेत शरीरात प्लास्टिक बसवितात, अशी माझी स्वतःची अनेक वर्षे समजूत होती. ‘प्लास्टिकोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ आकार देणे, घडविणे असा आहे. कुंभार मातीला आकार देतो त्या अर्थाने. आपल्या बादल्या आणि पिशव्या ज्याच्या होतात, ते प्लास्टिक जन्माला येण्यापूर्वीच या शस्त्रक्रियेला हे नाव मिळालेले होते.

कुंभाराची उपमा मी सहज दिलेली नाही. या विद्येच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात आपल्या पुण्यातील अशाच एका कारागिराच्या हातून झाली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? सुश्रुतसंहितेत कापलेले नाक पुन्हा घडविण्याची रीत वर्णन केलेली आहे. झाडाचे पान नाकाच्या मापाचे कापून घ्यावे, त्या मापाने गालाची त्वचा उचलावी आणि ती नाकाच्या जागी बसवावी, अशी ती रीत. पुढे ग्रंथ मागे पडले. विद्या मात्र काही घराण्यांत हातोहात चालत राहिली. १७९२ सालच्या टिपू सुलतानाविरुद्धच्या युद्धात इंग्रज सैन्याबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. तो टिपूच्या हाती सापडला; त्याचे नाक आणि एक हात तोडण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिचारा नाकाविना हिंडला. त्यानंतर पुण्याजवळ विटा-मडकी घडविणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले हे दोन इंग्रज डॉक्टर ती क्रिया पाहत होते. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये ऑक्टोबर १७९४ च्या अंकात या शस्त्रक्रियेचे वर्णन चित्रासह प्रसिद्ध झाले.

ते वर्णन वाचताना माझ्यातला कापडवाला जागा झाला. त्या कारागिराने प्रथम पातळ मेणाचा तुकडा उरलेल्या नाकावर बसवून नाकाचा आकार घेतला. मग तो तुकडा सपाट करून कपाळावर ठेवला व त्याच्या कडेने रेघ आखली. आखलेली कातडी उचलली; मात्र दोन भुवयांच्या मधला भाग जोडलेलाच ठेवला, म्हणजे रक्तपुरवठा तुटू नये. ती कातडी वळवून खाली नाकाच्या जागी बसविली. बंधूंनो, चोळी शिवणारा शिंपी कापड बेतताना याहून वेगळे काय करतो? आधी माप, मग बेत, मग कात्री. आणि कापड जितके लागते त्यापेक्षा थोडे अधिक धरायचे, कारण ते आटते. कातडीही आटते, हे मला पुढे पुतण्याने सांगितले.

लंडनच्या जोसेफ कार्प्यू या शल्यवैद्याने ते वृत्त वाचून अनेक वर्षे अभ्यास केला आणि १८१४ साली तीच पद्धत वापरून नाकाची शस्त्रक्रिया केली. १८१६ मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिले आणि ‘भारतीय पद्धत’ या नावाने ती युरोपभर पसरली. कपाळाच्या कातडीचे नाक आजही केले जाते. कार्प्यूचे नाव इतिहासात राहिले, गाडीवान कावसजीचेही राहिले. ज्याच्या हाताने हे घडले, त्या पुण्याच्या कारागिराचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. त्याला समाधान लाभले होते की नाही, हे विचारायला तेथे कोणीही नव्हते. माझ्या मते लाभले असावे. पुष्कळ कारागीर मी पाहिले आहेत, वीण जमली की चेहरा सांगतो.

पुढील इतिहास मी भरभर सांगतो, कारण तो युद्धांचा आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोके वर काढलेल्या सैनिकांचे चेहरेच उडाले. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या हॅरॉल्ड गिलीज या शल्यवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील सिडकप येथे १९१७ साली उघडलेल्या रुग्णालयात अशा पाच हजारांहून अधिक सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. दुसऱ्या महायुद्धात त्याचा नातलग आर्चिबाल्ड मॅकिंडो याने ईस्ट ग्रिन्स्टेड या छोट्या गावी होरपळलेल्या वैमानिकांची सेवा केली. त्या वैमानिकांनी १९४१ साली आपला एक संघ काढला आणि त्याला थट्टेने ‘गिनीपिग क्लब’ नाव दिले. सभासद झाले ६४९. या मॅकिंडोची एक गोष्ट मला विशेष वाटते. त्याने गावकऱ्यांना सांगून ठेवले होते की, ही मुले रस्त्यात दिसली तर दचकू नका, नजर चुकवू नका, त्यांना घरी जेवायला बोलवा. गावाने ते ऐकले. अर्धी शस्त्रक्रिया टेबलावर झाली आणि उरलेली अर्धी गावाच्या रस्त्यावर झाली, असे मी म्हणेन. शल्यवैद्याचे समाधान केवळ त्याच्या हाती नसते, हे येथे ध्यानात येते. त्याने घडविलेला चेहरा समाजाने पाहायला तयार असावे लागते.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. अमेरिकेत डॉक्टरांच्या समाधानाच्या पाहण्या वारंवार होतात. तेथे उत्पन्नाच्या याद्यांत प्लास्टिक सर्जन अगदी वरच्या क्रमांकांवर असतात. २०११ साली तेथील प्लास्टिक सर्जनांची एक देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. तीन-चतुर्थांशांहून अधिक जण आपल्या व्यवसायाबद्दल समाधानी होते. परंतु व्यवसाय आणि घर यांच्यातील वेळेच्या वाटणीबद्दल विचारले, तेव्हा समाधानी असणारे निम्मेच निघाले. त्यातही ज्यांना आठवड्याला साठ तासांहून अधिक काम होते, ज्यांना तातडीच्या रुग्णांसाठी हाक येई, ज्या स्त्रिया होत्या आणि ज्यांचे काम मुख्यतः सौंदर्यवर्धनाचे नसून पुनर्रचनेचे होते, ते वेळेबाबत अधिक असमाधानी होते. २०१५ साली आलेल्या दुसऱ्या एका पाहणीत चौथ्या हिश्श्याहून अधिक सर्जन मनाने पार थकलेले आढळले.

हे वाचून मला प्रथम आनंद झाला, कारण माझ्या कागदावरचा हिशेब अमेरिकेनेही बरोबर ठरविला होता. पुनर्रचनेचे काम सोडावे, सौंदर्यवर्धनाकडे वळावे, वेळ मिळेल, पैसाही मिळेल. पाहणीचा कागद मी पुतण्याला टपालाने पाठवूनही दिला. त्याचे उत्तर आले नाही.

येथे सौंदर्यवर्धन करणाऱ्या डॉक्टरांवर मला यत्किंचितही टीका करायची नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी नाक सरळ केलेल्या, केस रोपलेल्या व्यक्ती आहेत आणि त्यात गैर काही नाही. लग्न जमत नाही म्हणून खंगलेल्या मुलीच्या चेहऱ्यावरील डाग गेला, तर तेही पुण्यकर्मच. परंतु अशा दोन-तीन डॉक्टरांशी मी बोललो तेव्हा एक गोष्ट कळली. त्या व्यवसायात येणारे गिऱ्हाईक, शब्दाबद्दल क्षमा असावी, मनात एक चित्र घेऊन येते. शस्त्रक्रिया उत्तम झाली तरी आरशात ते चित्र दिसले नाही की गिऱ्हाईक नाराज. काहींना तर काहीही केले तरी आपल्या चेहऱ्यात दोषच दिसतो. आमच्या दुकानातही अशी गिऱ्हाइके येतात. पन्नास साड्या उलगडून दाखवाव्या आणि शेवटी ‘रंग तोच, पण जरा वेगळा’ हवा असतो. आम्ही घड्या घालून मोकळे होतो. डॉक्टरला कातडीची घडी घालता येत नाही. शिवाय १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने वैद्यकीय सेवाही ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली, हे आपण व्यापारी जाणतोच. उत्पन्न अधिक, तशी जोखीमही निराळी.

आता मी अशा तीन शल्यवैद्यांविषयी बोलेन, ज्यांच्या समाधानाचा हिशेब मला माझ्या पद्धतीने मांडता आला नाही.

पहिले, डॉ. शरदकुमार दीक्षित. आपल्या समाजाशी त्यांचा निकटचा संबंध आहे. जन्म पंढरपूरचा, १९३० सालचा. पुढे ते अमेरिकेत गेले व तेथे प्लास्टिक सर्जन झाले. १९६८ पासून दरवर्षी स्वदेशी येऊन त्यांनी गरिबांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. दुभंगलेले ओठ, पडलेल्या पापण्या, तिरळे डोळे, चेहऱ्यावरील व्रण. १९७८ साली मोटार अपघातात त्यांच्या शरीराची उजवी बाजू निकामी झाली. पुढे स्वरयंत्राचा कर्करोग झाला, त्यात आवाज गेला. हृदयविकाराचे झटके आले. इतके झाल्यावर कोणीही हिशेब बंद केला असता. हे गृहस्थ चाकांच्या खुर्चीत बसून येत राहिले. आपल्या भारतीय जैन संघटनेने पुण्यात व अन्यत्र त्यांची शिबिरे भरविली आणि हजारो मुलांचे ओठ शिवले गेले. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये ते गेले, त्यांच्या पश्चातही त्यांच्या नावाने शिबिरे भरली.

१९९० च्या दशकात अशाच एका शिबिरात मी चादरी आणि टॉवेलचे गठ्ठे पोहोचविण्यासाठी गेलो होतो. बाहेर मंडपात खेड्यापाड्यांतून आलेले आईबाप मुलांना मांडीवर घेऊन बसले होते. बहुतेक मुलांच्या तोंडावर पदर किंवा टॉवेल झाकलेला. आत खुर्चीत बसलेले कृश डॉक्टर, गळ्याशी यंत्र धरून यंत्रासारख्याच आवाजात दोन शब्द बोलायचे आणि पुन्हा सुई हाती घ्यायचे. एक रुग्ण उतरतो न उतरतो तोच दुसरा तयार. मी दारातूनच पाहिले आणि गठ्ठ्यांची पावती घेऊन निघालो. सायंकाळी गाडी भरताना पाहिले, तर त्याच मंडपात काही मुलांच्या तोंडावरचा पदर काढलेला होता. ओठावर पट्टी होती, तरी आया मुलांचे तोंड झाकत नव्हत्या. त्या दिवशी मला त्याचा अर्थ कळला नव्हता. चादरींचे पैसे संघटनेने देऊ केले होते, ते मी घेतले नाहीत एवढेच आठवते आणि त्याचा थोडा अभिमानही वाटला होता. आता तो अभिमान हास्यास्पद वाटतो.

दुसरे, डॉ. हिरजी अडेनवाला. मुंबईचे पारशी. दुभंगलेल्या ओठांच्या शस्त्रक्रियेत नावाजलेले डॉ. चार्ल्स पिंटो यांचे शिष्य. १९५९ साली ते केरळातील त्रिशूर येथील एका मिशन रुग्णालयात गेले आणि तेथेच राहिले. २०२० साली त्यांचे निधन झाले. आपल्याकडे साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येते. ओठ तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शिवतात, टाळू वर्षाच्या आसपास, त्यापुढे वाचा सुधारणे, दात, हिरडी, वयात आल्यावर नाक. म्हणजे एका मुलासाठी डॉक्टरने अठरा-वीस वर्षे त्याच गावात असावे लागते. अडेनवालांनी ओठ शिवलेली मुले पुढे आपली लेकरे घेऊन त्यांना भेटायला येत असतील. उधारीचा असा दीर्घ व्यवहार कोणत्या पेढीने केला आहे?

तिसरे नाव डॉ. नोशीर अंटिया यांचे, आणि येथे माझा हिशेब सर्वांत अधिक चुकला. अंटिया यांनी इंग्लंडात जाऊन प्रत्यक्ष गिलीज यांच्याकडे शिक्षण घेतले. परत आल्यावर मुंबईत मलबार हिलवर दवाखाना थाटणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी पुण्याजवळील कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात काम सुरू केले. कुष्ठरोगाने बसलेली नाके, वाकलेली बोटे, झडलेल्या भुवया त्यांनी दुरुस्त केल्या. कारण रोग बरा झाला तरी चेहरा बरा होईपर्यंत गाव त्या माणसाला घरात घेत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. कान घडविण्याची त्यांची एक पद्धत ‘अंटिया-बुच’ या नावाने जगभर शिकविली जाते. १९९० साली पद्मश्री मिळाली. एवढे सर्व असताना १९७० च्या दशकात हेच अंटिया अलिबाग तालुक्यातील मांडवा परिसरात जाऊन साध्या, अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण देऊ लागले. ज्याच्या हातात इतकी कला, त्याने बोटांची वाकणे सरळ करणे मागे ठेवून गावोगाव का हिंडावे? मला त्याचे एकच उत्तर दिसते. वाकलेली बोटे टेबलावर येतच राहतात. ती वाकण्यापूर्वी कोणी पाहिली असती तर, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नसावा. म्हणजे या माणसाला आपल्या व्यवसायात समाधान होते आणि ते पुरेसे वाटत नव्हते. पाहणीच्या कागदात अशा माणसासाठी कोणता रकाना असतो, मला ठाऊक नाही.

आता वॉर्डाविषयी.

आठ महिन्यांनी मी गेलो, तेव्हा सकाळची मलमपट्टी चालू होती. दाराशीच पुतण्याने मला झगा, टोपी व मुखपट्टी दिली. आतील वर्णन मी करणार नाही. सभेत महिला व मुले आहेत. एवढेच सांगतो की बावीस खाटांपैकी पंधरा-सोळा खाटांवर स्त्रिया होत्या. स्टोव्हचा भडका, चुलीचा जाळ, आणि ज्याविषयी पोलीस जबाब घेतात अशी इतर कारणे. एका खाटेवर नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. दिवाळीत अंगणातल्या पणतीने फ्रॉक पेटला होता. ती जखम आधीच्या वर्षीची. भरली होती, परंतु भरताना आखडली होती आणि उजवा हात कोपरापासून दंडाला चिकटल्यासारखा झाला होता. पुतण्याने तो मोकळा करून मांडीची कातडी तेथे बसविली होती. त्या दिवशी प्रथमच पट्टी सोडली. हात सरळ झाला. मुलीने प्रथम काय केले असेल? तिने हात लांब करून स्वतःच्या पायाचा अंगठा धरला. पुतण्या काही बोलला नाही. नर्सला पुढच्या पट्टीच्या सूचना देऊन तो पुढच्या खाटेकडे वळला. परंतु मुखपट्टीच्या वर त्याचे डोळे मी पाहिले. घरात त्याच्या लग्नातही मी तसे पाहिलेले नाहीत.

बाहेर आल्यावर मी त्याला सहज विचारले की, इतकी साधी पणती, मग हात एवढा कसा जळला? तो म्हणाला, “काका, फ्रॉक नायलॉनचा होता. सुती कापडही पेटते, झटकन पेटते. पण नायलॉन, पॉलिएस्टर वितळते. वितळून कातडीला चिकटते आणि काढायला गेले की कातडी घेऊन निघते.” तो हे मला टोचून बोलला नाही. शिकविण्याच्या सवयीने बोलला. चहा आला, त्याने दुसरा विषय काढला.

बंधू-भगिनींनो, १९८० साली मी पदवी घेऊन पेढीवर बसलो, तेव्हा वडिलांच्या काळचे लुगडे, खण, धोतरजोडे मागे पडत होते आणि नायलॉन व पॉलिएस्टरच्या साड्यांना उठाव होता. स्वस्त, धुवायला सोपी, इस्त्री नको, रंग जात नाही. आमच्या गावात तो माल ठोकात आणणाऱ्यांत मी अग्रेसर होतो. ‘स्वयंपाकघरातही बिनधास्त वापरा, डाग धरत नाही’ असे मी स्वतःच्या तोंडाने सांगून किती साड्या विकल्या, त्याची नोंद कोणत्याही वहीत नाही. त्या मुलीचा फ्रॉक माझ्या दुकानातला नव्हता. ते शहरच दुसरे. परंतु पेढीवर परत आलो आणि मांडणीवरच्या साड्यांकडे पाहिले, तेव्हा त्या वॉर्डातील वास नाकातून गेला नाही. मी माल बंद केला असे सांगून आपली टाळी घेणार नाही. बंद केलेला नाही. बाजार आहे, भागीदार आहेत, गरीब गिऱ्हाइकाला सुती साडी परवडत नाही. मात्र आता स्वयंपाकघरात नेसण्यासाठी म्हणून कोणी मागितली, तर मी सुतीच दाखवितो, पदर खोचून आणि पिन लावून वापरा म्हणून सांगतो. मुलांचे दिवाळीचे झगमगीत फ्रॉक ठेवणे मात्र पूर्ण थांबविले. नोकरमंडळी मला म्हातारचळ लागला म्हणतात.

त्या दिवशी निघताना पुतण्याने आणखी एक गोष्ट दाखविली. एका शीतपेटीत काही डब्या होत्या. त्यांत त्वचा होती. मृत्यूनंतर दान केलेली. निम्म्याहून अधिक शरीर भाजलेल्या रुग्णाच्या अंगावर स्वतःची लावायला कातडीच उरत नाही. तेव्हा ही परकी त्वचा तात्पुरते पांघरूण होते. जंतुसंसर्ग रोखते, वेदना कमी करते आणि तोवर रुग्णाची स्वतःची कातडी तयार होऊ लागते. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. पुढे नवी मुंबईत ऐरोलीच्या राष्ट्रीय बर्न्स सेंटरमध्येही झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत मांडी, पाय व पाठीवरचा अगदी पातळ थर काढून घेतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ग्लिसरॉलमध्ये ती त्वचा वर्षानुवर्षे टिकते. आपल्या समाजात नेत्रदानाची परंपरा मोठी आहे, घरात मृत्यू झाला की डोळ्यांसाठी दूरध्वनी करणारी पहिली घरे आपलीच असतात. त्वचेविषयी मात्र देह विद्रूप होईल या भीतीने नकार मिळतो. पुतण्याने सांगितले, आणि मी नंतर एकदा पाहिलेही, की पट्ट्या बांधून कपडे घातल्यावर काहीही कळत नाही.

तो म्हणाला, “काका, साठ टक्के भाजलेली बाई पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत बोलत असते, मुलांची नावे सांगत असते. मग जंतुसंसर्ग होतो आणि ती जाते. डबी रिकामी असेल तर मी फक्त पाहत राहतो. नोकरी सोडावीशी वाटते ती त्या दिवशी. पगारामुळे नव्हे.” आठ महिने मी पगाराचा हिशेब करीत होतो आणि त्याचा प्रश्न डब्यांचा होता.

मी त्याला दिलेला सल्ला मागे घेतला. लेखी मागे घेतला, कारण दिलाही लेखी होता. तो कागद त्याच्यासमोर फाडला. त्याने त्या दवाखान्याला अजून कायमचा नकार दिलेला नाही, हेही आपल्याला सांगितले पाहिजे. त्याला दोन मुले आहेत, घराचे हप्ते आहेत, आणि वर्षाला एकदा तरी ते लोक पुन्हा विचारतात. गेल्या दिवाळीत विचारले, तेव्हा त्याने एक वर्षाची मुदत मागून घेतली.

आपल्या विश्वस्त मंडळापुढे मी एक प्रस्ताव ठेवला आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतून जी रक्कम प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी राखून ठेवली आहे, तिच्यातील निम्मी एका त्वचापेढीच्या शीतपेटीसाठी व त्वचा संकलनाच्या वाहनासाठी द्यावी. कमानीचे नक्षीकाम थोडे कमी होईल. विश्वस्तांत यावर मतभेद आहेत आणि ते मोकळेपणाने व्यक्त झाले, याचा मला आदर आहे. निर्णय पुढील महिन्याच्या सर्वसाधारण सभेत व्हायचा आहे, तेव्हा आपण सर्वांनी उपस्थित राहावे.

त्वचादानाच्या संकल्पाचे अर्ज बाहेर पाण्याच्या टाकीजवळील टेबलावर ठेवले आहेत. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, त्यांपैकी एक जवळच्या नातलगाची. माझ्या अर्जावर साक्षीदार म्हणून पुतण्याची सही घ्यायची होती, म्हणून त्याला आज येथे बोलाविले होते. दुपारी त्याचा दूरध्वनी आला. तिघे जण दाखल झाले आहेत, येणे जमणार नाही. तेव्हा सहीसाठी मला उद्या सकाळच्या गाडीने तिकडे जावे लागेल.